हप्त्यांचा पैसा हाताशी असताना विमा कंपनी तीस वर्षांचं कर्ज का काढते

प्रोग्रेसिव्ह ही अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली, मेफिल्ड व्हिलेज इथली वाहन विमा कंपनी. २०२३ च्या अखेरीस तिच्या सीनियर नोट्सच्या, म्हणजे फेडीच्या रांगेत पुढे असलेल्या विनातारण कर्जरोख्यांच्या, १४ मालिका बाजारात होत्या आणि त्यांची दर्शनी रक्कम होती ६९५ कोटी डॉलर. सगळ्यात जुनी मालिका मार्च १९९९ ची, ६.६२५ टक्के व्याजाची, २०२९ मध्ये फिटणारी. सगळ्यात लांबची मार्च २०२२ ची, ३.७० टक्क्यांची, थेट २०५२ पर्यंत जाणारी. चौदाही मालिकांचं व्याज मांडलं तर वर्षाला सुमारे २७.६ कोटी डॉलर होतं, म्हणजे सरासरी ३.९७ टक्के.

विमा कंपनीला कर्ज कशाला लागतं? गिऱ्हाईक हप्ता आधी भरतं, दावा नंतर येतो. मधल्या काळात तो पैसा कंपनीच्याच हातात असतो आणि रोख्यांत गुंतून व्याजही कमावतो. रोजच्या कामकाजासाठी चांगल्या विमा कंपनीला कर्जाची गरज पडत नाही, हे खरंच आहे. पण हातात आलेला हप्ता हा कंपनीचा स्वतःचा पैसा नसतो. तो उद्याच्या दाव्यांचा असतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा विमा नियामक विचारतो तो प्रश्न वेगळा आहे. सगळी देणी वजा केल्यावर तुमचा स्वतःचा किती उरतो? या उरलेल्या रकमेला तिथे सरप्लस म्हणतात. वाहन विम्यात १ डॉलर सरप्लसवर साधारण ३ डॉलरचे हप्ते लिहिता येतात असं व्यवहारात धरतात. म्हणजे हप्ते १५० कोटी डॉलरनी वाढवायचे असतील तर आधी ५० कोटी डॉलर सरप्लस हवा. धंदा झपाट्याने वाढू लागला की नफ्यातून तयार होणारा सरप्लस पुरा पडत नाही.

इथे होल्डिंग कंपनीची रचना कामी येते. नोट्स काढते ती वरची, शेअर बाजारात नोंदलेली मूळ कंपनी. ती कर्जाचा पैसा घेते आणि खालच्या विमा उपकंपनीत भांडवल म्हणून घालते. मूळ कंपनीच्या पुस्तकात ते कर्ज आहे, उपकंपनीच्या पुस्तकात तोच पैसा निव्वळ सरप्लस आहे. नियामक उपकंपनीकडे बघतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने भांडवल खरोखर वाढलेलं असतं. मात्र याला मर्यादा हवी, आणि ती पाळून घ्यायचं काम मानांकन देणाऱ्या रेटिंग संस्था करतात. प्रोग्रेसिव्हने स्वतःवर घातलेली अट अशी की एकूण भांडवलात, म्हणजे कर्ज अधिक भागधारकांचं भांडवल यांच्या बेरजेत, कर्जाचा वाटा ३० टक्क्यांच्या खाली ठेवायचा.

ही अट किती लवकर घट्ट बसू शकते याचा नमुना म्हणजे २०२२ हे वर्ष. २०२१ च्या अखेरीस कर्ज सुमारे ४९० कोटी डॉलर, भागधारकांचं भांडवल सुमारे १,८२३ कोटी, आणि गुणोत्तर २१.२ टक्के होतं. मार्च २०२२ मध्ये कंपनीने एकाच दिवशी तीन मालिका मिळून १५० कोटी डॉलर उभारले: २.५० टक्क्यांची २०२७ ची, ३.०० टक्क्यांची २०३२ ची आणि ३.७० टक्क्यांची २०५२ ची, प्रत्येकी ५० कोटी. मग व्याजदर चढत गेले. कंपनीकडच्या रोख्यांची बाजारकिंमत पडली, आणि ते न वटलेले तोटे थेट भागधारकांच्या भांडवलातून वजा झाले. वर्षअखेरीस भांडवल १,५८९ कोटींवर आलं, कर्ज ६३९ कोटी झालं आणि गुणोत्तर २८.७ टक्क्यांवर पोचलं. विमा कंपनीचं कर्ज बघताना लोक अंश बघतात आणि छेद विसरतात. व्याजदर वाढले की छेदाचंच नुकसान होतं, आणि नेमकं तेव्हाच नवं कर्जही महाग झालेलं असतं. पुढच्या वर्षी कंपनीने मे महिन्यात ४.९५ टक्क्यांची आणखी ५० कोटींची मालिका काढली, तरीही भांडवल सावरल्यामुळे गुणोत्तर २५.४ टक्क्यांवर उतरलं.

आता प्रत्यक्ष कर्ज उभारणीकडे वळू. मोठ्या, नियमित नोंदणी असलेल्या कंपनीला अमेरिकेच्या रोखे नियामकाकडे, म्हणजे एसईसीकडे, एस-३ हा फॉर्म आधीच भरून ठेवता येतो. पुरेशा मोठ्या कंपन्यांसाठी तो दाखल करताक्षणी लागू होतो आणि ३ वर्षं चालतो. त्यात रक्कम लिहावी लागत नाही. जेव्हा रोखे काढाल तेव्हा त्या रकमेपुरती फी भरायची. याला शेल्फ नोंदणी म्हणतात, आणि तिच्यामुळेच सकाळी ठरवून संध्याकाळी ५० कोटी डॉलरचा सौदा पुरा करता येतो.

पण कुठल्याही सकाळी नाही. रोखे विकून देणाऱ्या अंडररायटर बँका लेखापरीक्षकांकडून कम्फर्ट लेटर मागतात. शेवटच्या तपासलेल्या आकड्यांनंतर काही बिघडल्याचं आमच्या लक्षात आलेलं नाही, असं नकारात्मक आश्वासन त्यात असतं, आणि ते १३५ दिवस पूर्ण होण्याच्या आतच मिळतं. ३१ डिसेंबरचे वार्षिक आकडे धरून निघालात तर मेच्या मध्यापर्यंत मुदत. त्यानंतर पहिल्या तिमाहीचे आकडे हाताशी हवेत. प्रोग्रेसिव्हच्या काही मालिकांच्या तारखा पाहा: मार्च २०१८, मार्च २०२०, मार्च २०२२, मे २०२३. वार्षिक अहवाल नुकताच आलेला असतो किंवा तिमाहीचा, आणि सांगण्यासारखं काही दडलेलं नसतं. वादळांचा धोका असलेल्या विमा कंपन्या ऑगस्ट ते ऑक्टोबरबद्दल आणखी सावध असतात. अटलांटिकमध्ये वादळ घोंगावत असताना रोखे विकले आणि आठवड्याभरात मोठे दावे आले, तर माहितीपत्रकात काय लिहायचं राहिलं यावर खटला उभा राहू शकतो.

ठरलेल्या दिवशी सकाळी कंपनीचा ट्रेझरी विभाग आणि बँका फोनवर बाजार बघतात. अमेरिकी सरकारचे ट्रेझरी रोखे शांत आहेत का, आज आणखी कोण रोखे काढतंय, दुपारी महागाईचा आकडा किंवा फेडची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, बैठक आहे का? हिरवा कंदील मिळाला की प्राथमिक माहितीपत्रक दाखल होतं आणि पहिला भाव पुकारला जातो, समजा दहा वर्षांच्या ट्रेझरीपेक्षा १२५ बेसिस पॉइंट जास्त (१०० बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का). मागणी नोंदवत नेतात. वही रकमेच्या तिप्पट-चौपट भरली की फरक खाली आणतात, ११० वर, मग ९५ वर. फार ओढलं तर मोठे गुंतवणूकदार वहीतून नाव काढून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी रोखा बाजारात पडतो. पुढच्या वेळी तेच गुंतवणूकदार पहिल्याच भावाला हात आखडता घेतात. शेवटचे ३-४ बेसिस पॉइंट ओरबाडणं मला म्हणूनच शहाणपणाचं वाटत नाही. ५० कोटींवर ४ बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला २ लाख डॉलर. त्यासाठी नेहमीचं गिऱ्हाईक दुखवू नये.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. दहा वर्षांची ट्रेझरी ४.२१ टक्के आणि फरक ०.९५ टक्के, म्हणून परतावा ५.१६ टक्के. कूपन, म्हणजे नोटेवरचा ठरलेला व्याजदर, सहसा त्याच्या किंचित खाली, सोप्या आकड्यावर ठेवतात, इथे ५.१५. सहामाही व्याजाच्या हिशेबाने भाव निघतो १०० ला ९९.९२३. ५० कोटींवर हाती येतात ४९.९६ कोटी. दहा वर्षांच्या रोख्यावर अंडररायटरची प्रचलित दलाली ०.६५ टक्के, म्हणजे ३२.५ लाख डॉलर. तीस वर्षांच्या रोख्यावर ती ०.८७५ टक्के असते. वकील, लेखापरीक्षक, रेटिंग संस्था, नोटधारकांच्या वतीने काम पाहणारी ट्रस्टी बँक यांची फी वेगळी. दर सहा महिन्यांनी व्याज १.२८७५ कोटी डॉलर, आणि ते मोजताना महिना ३० दिवसांचा, वर्ष ३६० दिवसांचं. ही सूट आणि खर्च अमेरिकी लेखा पद्धतीत कर्जातूनच वजा दाखवतात आणि मुदतभर थोडे थोडे व्याजखर्चात घेतात. दर्शनी ६९५ कोटींचं कर्ज ताळेबंदात ६८९ कोटींच्या आसपास दिसतं, त्याचं कारण हेच. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी विमा कंपन्यांचे हिशेब जुळवणाऱ्यांना हा फरक वारंवार भेटतो. तिथे चूक शोधत बसू नये.

नोट्स डीटीसी या डिपॉझिटरीकडे एकाच जागतिक प्रमाणपत्राच्या रूपात जातात. ट्रस्टी बँकेशी केलेला मूळ करार म्हणजे इंडेंचर. तो १९३९ च्या ट्रस्ट इंडेंचर कायद्याला धरून असतो आणि वर्षानुवर्षं तोच चालतो. नव्या मालिकेसाठी त्याला फक्त पुरवणी जोडतात.

या कराराच्या अटी मात्र सावकाश वाचाव्यात. बँकेच्या कर्जात असतात तशी आर्थिक गुणोत्तरांची बंधनं इथे जवळजवळ नसतात. विमा होल्डिंग कंपन्यांच्या नोट्समध्ये महत्त्वाची अट असते ती मुख्य विमा उपकंपन्यांच्या शेअरबद्दल. ते शेअर दुसऱ्या कर्जासाठी गहाण टाकले तर या नोट्सनाही तितकंच तारण द्यावं लागतं. व्याज चुकल्यावर ३० दिवसांची सवलत असते. इतर अटी मोडल्या तर ट्रस्टीने किंवा २५ टक्के धारकांनी नोटीस दिल्यावर ठरावीक दिवस मिळतात. कंपनी कितीही मोठी असली तरी माझी नजर आधी शेअर गहाण टाकण्याच्या त्या अटीवर जाते, कारण उपकंपनीचे शेअर हीच मूळ कंपनीची खरी मालमत्ता आहे.

मुदतीआधी फेड करायची कंपनीला मुभा असते, पण मेक-होल किमतीला. उरलेलं सगळं व्याज आणि मुद्दल यांचं आजचं मूल्य काढायचं, तेही ट्रेझरीच्या दरात १५-२० बेसिस पॉइंटच मिळवून. अंगवळणी पडलेला ठोकताळा असा की मूळ फरकाच्या १५ टक्के घेऊन ते वरच्या पाचाच्या पटीत न्यायचं. आपल्या उदाहरणात ९५ चे १४.२५, म्हणून १५. दहा वर्षांच्या नोटेत शेवटचे ३ महिने आणि तीस वर्षांच्या नोटेत शेवटचे ६ महिने दर्शनी किमतीला फेड करता येते.

आता २०२० मध्ये व्याजदर तळाला असताना १९९९ ची ६.६२५ टक्क्यांची महागडी मालिका कंपनीने का फेडून टाकली नाही, याचं उत्तर मिळतं. आठ वर्षं शिल्लक आहेत आणि मेक-होलचा दर ०.८० टक्के पडतो असं धरा. १०० डॉलरच्या नोटेसाठी सुमारे १४५ डॉलर मोजावे लागतील. ते १४५ डॉलर नव्याने उभारायचे तर ट्रेझरीपेक्षा टक्काभर जास्त दराने. म्हणजे भविष्यातलं व्याज स्वस्त दराने मोजून आज देऊन टाकायचं आणि त्यासाठी महाग दराने कर्ज काढायचं. यात कंपनीला तोटाच आहे. घरकर्ज दुसऱ्या बँकेत नेऊन दर कमी करून घ्यायची आपली सवय इथे लावता येत नाही.

कूपन हा आकडा किती फसवा असतो हेही या यादीतच दिसतं. मार्च २०२० मध्ये, कोविडने रोखे बाजार हादरलेला असताना, प्रोग्रेसिव्हने दहा वर्षांसाठी ३.२० टक्क्यांनी पैसे उचलले. तेव्हा दहा वर्षांची ट्रेझरी एक टक्क्याच्याही खाली होती. दोन टक्क्यांहून जास्त फरक, तोही इतक्या सशक्त कंपनीला. मार्च २०२२ मध्ये कूपन ३.०० टक्के, पण ट्रेझरीच दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फरक जेमतेम एक टक्का. दर जवळपास सारखा दिसतो. पहिल्या वेळी पैसा देणारे घाबरलेले होते, दुसऱ्या वेळी सरकारी व्याजदरच वर चढलेला होता.

दर आधी बांधून ठेवायला ट्रेझरी लॉक वापरतात. दोन-तीन महिन्यांनी रोखे काढायचे ठरलेले असतात, ट्रेझरीचा दर आज पक्का करायचा असतो. दर वाढला तर बँक कंपनीला पैसे देते, घसरला तर कंपनी बँकेला. हा फायदा-तोटा आधी नफा-तोटा पत्रकात न घेता इतर सर्वंकष उत्पन्न या सदरात ठेवून नोटेच्या मुदतभर व्याजखर्चात मुरवतात. ट्रेझरी लॉकने फक्त सरकारी दर बांधला जातो, स्प्रेड, म्हणजे त्याच्यावरचा फरक, मोकळाच राहतो. मार्च २०२० सारख्या वेळी ट्रेझरीचा दर कोसळतो आणि स्प्रेड फाकतो, तेव्हा लॉकवर तोटा होतो आणि कर्जही स्वस्त मिळत नाही. आणि ठरलेला इश्यूच रद्द झाला तर तो सगळा तोटा एकदम नफा-तोटा पत्रकात येतो.

गुंतवणूकदाराच्या बाजूने सगळ्यात मोठा धोका मूळ रचनेतच आहे. सीनियर नोट्स मूळ कंपनीच्या असुरक्षित देण्यांमध्ये वरच्या रांगेत असतात. पण विमा उपकंपनीचा पैसा आधी पॉलिसीधारकांचा, मग तिच्या इतर देणेकऱ्यांचा, आणि उरला तर भागधारक म्हणून मूळ कंपनीचा. मूळ कंपनी व्याज देते ते उपकंपनीकडून आलेल्या लाभांशातून, आणि त्या लाभांशावर राज्याच्या नियामकाचा हात असतो. आदर्श कायद्यानुसार सरप्लसच्या १० टक्के किंवा वर्षाचा निव्वळ नफा यांपैकी जे कमी त्याहून जास्त लाभांश असाधारण ठरतो. त्यासाठी आधी कळवून ३० दिवस थांबावं लागतं. काही राज्यांत ‘जे कमी’ ऐवजी ‘जे जास्त’ असं आहे. म्हणूनच अमेरिकेत मूळ कंपनीच्या नोट्सचं मानांकन विमा उपकंपनीच्या मानांकनापेक्षा साधारण तीन पायऱ्या खाली असतं. जाहिरातीत झळकणारं मानांकन बहुधा उपकंपनीचं असतं. नोट घेणाऱ्याने ते धरू नये.

कॉन्सेको ही इंडियानातली विमा होल्डिंग कंपनी डिसेंबर २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली. १९९८ मध्ये घेतलेला ग्रीन ट्री हा कर्जाचा धंदा तिला बुडवून गेला. तिच्या विमा उपकंपन्या त्या खटल्यात नव्हत्या, पॉलिसी चालूच राहिल्या. नुकसान पोचलं ते वरच्या कंपनीच्या देणेकऱ्यांना आणि भागधारकांना. रोख्यांच्या फेडीचा विमा उतरवणाऱ्या अँबॅकच्या बाबतीत मार्च २०१० मध्ये विस्कॉन्सिनच्या विमा आयुक्तांनी उपकंपनीचा एक हिस्सा पुनर्वसनात घेतला, वर जाणारा लाभांश आटला, आणि नोव्हेंबरमध्ये मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एआयजी या बड्या विमा कंपनीची गोष्ट निराळी. तिथे विमा उपकंपन्यांपेक्षा मूळ कंपनीने दिलेली हमी घातक ठरली. वित्तीय उपकंपनीच्या करारांना तिची हमी होती, मानांकन घसरताच तारण मागितलं गेलं, आणि सप्टेंबर २००८ मध्ये फेडने ८,५०० कोटी डॉलरपर्यंतचं कर्ज दिलं. हमी ही नोट्सच्या बरोबरीने रांगेत उभी राहते आणि ताळेबंदात ती कर्ज म्हणून दिसतेच असं नाही.

भारतात हे चित्र बरंच वेगळं आहे. इथे रोखे काढते ती विमा कंपनी स्वतः, आणि विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१५ पासूनच्या नियमांनुसार ते दुय्यम दर्जाचे असतात, म्हणजे पॉलिसीधारकांच्या आणि इतर देणेकऱ्यांच्या मागे. मुंबईच्या एचडीएफसी लाइफने जुलै २०२० मध्ये ६.६७ टक्क्यांनी ६०० कोटी रुपये उभारले, आयसीआयसीआय प्रुडेन्शियल लाइफने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ६.८५ टक्क्यांनी १,२०० कोटी. हे रोखे सॉल्व्हन्सीत, म्हणजे देणी भागवण्याच्या ऐपतीत, मोजले जातात, आणि त्याची किंमत गुंतवणूकदार मोजतो: सॉल्व्हन्सी गुणोत्तर १५० टक्क्यांच्या खाली गेलं की व्याजच अडकतं. अमेरिकी सीनियर नोटेत असा अडसर नसतो. तिथे व्याज चुकलं आणि ३० दिवसांची सवलतही संपली की ती सरळ कसूर ठरते. अमेरिकेतल्या म्युच्युअल, म्हणजे पॉलिसीधारकच मालक असलेल्या, कंपन्यांच्या सरप्लस नोट्स मात्र आपल्याकडच्या दुय्यम रोख्यांना जवळच्या आहेत, कारण त्यांचं व्याज द्यायलाही नियामकाची परवानगी लागते.

परदेशात राहणारे किंवा इथून उदारीकृत प्रेषण योजनेखाली डॉलर पाठवून हे रोखे घेणारे मराठी गुंतवणूकदार आता कमी नाहीत. बहुतेक नोट्स किमान २,००० डॉलर आणि पुढे १,००० च्या पटीत मिळतात. घेण्याआधी रोखे काढणाऱ्याचं पूर्ण नाव अक्षर न अक्षर वाचा. मेटलाइफ इंक. ही मूळ कंपनी आहे आणि तिच्या सीनियर नोट्सना वर सांगितलेलं सगळं लागू होतं. मेट्रोपॉलिटन लाइफ ग्लोबल फंडिंग १ च्या नोट्समागे मात्र विमा कंपनीने दिलेला फंडिंग करार, म्हणजे ठरलेलं व्याज आणि मुद्दल देण्याचा करार, असतो आणि तो जवळपास पॉलिसीधारकांच्या रांगेत बसतो, म्हणून मानांकनही वरचं. मग कंपनीचा १०-के हा वार्षिक अहवाल उघडून शेवटाकडे जा. शेड्यूल २ मध्ये फक्त मूळ कंपनीचा ताळेबंद आणि रोख प्रवाह वेगळा दिलेला असतो. वर्षभरात खालून किती लाभांश आला, परवानगीशिवाय पुढच्या वर्षी किती येऊ शकतो, उपकंपन्यांबाहेर किती रोख पडून आहे, व्याज किती जातं आणि पुढच्या तीन वर्षांत कोणती मालिका फिटायची आहे, हे पाच आकडे एका कागदावर उतरवून घ्या. पडून असलेली रोख दोन वर्षांच्या व्याजालाही पुरत नसेल तर जास्तीचे २० बेसिस पॉइंट बघून ती नोट घेऊ नका.